ब्लास्टरची ओळ कार्डाला काही सांगत नाही

जुन्या डॉस संगणकावर आवाज येत नसेल तर संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्सेक फाइलमधल्या 'सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६' या ओळीतले आकडे बदला, आवाज काढणारं साउंड ब्लास्टर कार्ड आपोआप त्या आकड्यांकडे वळतं, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ही ओळ फक्त खेळांना आणि प्रोग्रामना पत्ता सांगते: ए म्हणजे पोर्ट (कार्डाशी बोलायचा पत्ता), आय म्हणजे आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला इशारा देतं ती लाइन), डी ८-बिट डीएमए (मेमरीतून आवाज थेट कार्डाकडे नेणारी वाट), एच १६-बिट डीएमए, टी कार्डाचा प्रकार. कार्ड स्वतः ती वाचत नाही.

साउंड ब्लास्टर प्रोसारख्या कार्डावर खरी सेटिंग जंपरवर, म्हणजे कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर असते. साउंड ब्लास्टर १६ च्या जंपरवाल्या आवृत्त्यांतही आयआरक्यू आणि डीएमए मात्र सॉफ्टवेअरने ठरतात. तिथे 'डायग्नोज /एस' हा प्रोग्राम ब्लास्टरची ओळ वाचून कार्डात आकडे भरतो. गैरसमज बहुधा इथूनच आला असावा. प्लग अँड प्ले, म्हणजे सगळी सेटिंग सॉफ्टवेअरने होणाऱ्या कार्डांना मात्र सहसा सीटीसीएम किंवा युनिसाउंड हा सेटिंग करणारा प्रोग्राम चालवावा लागतो.

लक्षणं ऐका. संगीत छान वाजतंय, पण गोळीचा आवाज 'ढि-ढि-ढि' असा अडकतोय? आयआरक्यू चुकलाय. एफएम संगीताला, म्हणजे कार्डावरची चिप स्वतः तयार करते त्या सुरांना, आयआरक्यू किंवा डीएमए लागत नाही, म्हणून ते वाजतं. डिजिटल आवाजाला मात्र तुकडा संपल्याचा इशारा मिळत नाही, आणि तोच तुकडा फिरत राहतो. आयआरक्यू जंपरवर असलेल्या कार्डात आधी संगणक बंद करून जंपर बघा. आयआरक्यू ७ असेल तर प्रिंटर पोर्टशी भांडण शक्य आहे. ५ वर हलवा, मग ओळीतही तोच आकडा लिहा. दुसऱ्या एखाद्या पीसीआय (नव्या प्रकारच्या स्लॉटमधल्या) कार्डाने ५ बळकावला असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तो 'लेगसी आयएसए'साठी, म्हणजे जुन्या स्लॉटमधल्या कार्डांसाठी राखून ठेवा.