टेन्शन की डिप्रेशन? दोस्ताला नेमकं काय झालंय

आमच्याकडं मराठवाड्यात मनाचं काहीही बिनसलं की एकच शब्द निघतो: टेन्शन. पाऊस लांबला, टेन्शन. पोरीचं लग्न ठरलं, टेन्शन. आणि कुणी दोन महिने बाजेवरून उठत नसेल तरी शेजारी सांगतात, 'त्याला लई टेन्शन आलंय.' या एका शब्दाखाली आजार दडून राहतो. माझ्या मित्राचा असाच दडला आणि मला ओळखायला उशीर झाला, म्हणून हे लिहितोय.

टेन्शन कारणाच्या मागं मागं चालतं. सोयाबीन पिवळं पडलं की झोप उडते. मोंढ्यात भाव बरा मिळाला, सोसायटीचं कर्ज नवं-जुनं झालं, की तोच माणूस रात्री घोरायला लागतो. टेन्शनमधला माणूस चिडतो, सारखं तेच तेच बोलतो, पण लेकरू मांडीवर येऊन बसलं की हसतो आणि हुरड्याला बोलावलं की येतो.

डिप्रेशनची सुरुवात एखाद्या कारणानं होऊ शकते, पण पुढं त्याला कारण लागत नाही. मित्राचं पीक एका साली अतिवृष्टीत गेलं. पुढच्या साली रान चांगलं पिकलं, भावही मिळाला, आणि हा आडतीवरून पट्टी आणायलासुद्धा गेला नाही. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं.

'करमत नाही' या आपल्या शब्दात बरंच काही कळतं. टेन्शनवाल्याला घरात करमत नाही, म्हणून तो पारावर येऊन बसतो. डिप्रेशनवाल्याला पारावर, शेतात, पाहुण्यांकडं, कुठंच करमत नाही, आणि जी गोष्ट जीव की प्राण होती तिच्याकडं तो बघतही नाही. अशी उदासी किंवा अनास्था दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ राहिली, आणि जोडीला भूक गेली, पहाटे तीन-चारला जाग येऊ लागली, अंग जड झालं, साधा हिशोब जुळेना, 'माझ्यामुळं घराचं वाटोळं झालं' असं तो म्हणू लागला, तर डॉक्टरला दाखवायची वेळ झाली आहे. कित्येक जण मनाचं बोलतच नाहीत. डोकं दुखतं, पोटात गॅस होतो, अंग ठणकतं, एवढंच सांगत दवाखाने फिरतात. थायरॉईड कमी झाल्यानंही असंच वाटू शकतं, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात.

दोस्तानं काय करायचं, तेही दोन्हीकडं वेगळं. टेन्शन असेल तर कारणाला हात घाला. कर्जाचा हिशोब मांडून बसा, विम्याचा अर्ज भरून द्या, जमलं तर चार पैसे उसने द्या. तिथं धीराचे शब्दही लागू पडतात.

डिप्रेशनमध्ये तेच शब्द टोचतात. मी त्याला म्हणालो होतो, 'मनावर घेऊ नको. बाकीच्यांकडं बघ, तुझं तर बरंच बरं आहे.' तो खाली बघत म्हणाला, 'कळतंय रे मला. म्हणूनच तर लाज वाटती.' त्या दिवसापासून समजावणं बंद केलं. नुसता जाऊन बसायचो. त्यानं बोललंच पाहिजे असं नाही. 'काही लागलं तर सांग' हेही सोडलं, कारण मागायचं बळच त्याच्यात नव्हतं. त्यापेक्षा 'चल, बांधापर्यंत जाऊन येऊ' किंवा 'मंगळवारी गाडी घेऊन येतो, दवाखान्यात जायचंय' असं ठरवूनच सांगायचो.

जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली उपचार मिळतात. छत्रपती संभाजीनगरचा घाटी हा सरकारी दवाखाना आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जाणं जमत नसेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा. ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्यांना 'बाहेरचं' वाटत असेल, आईनं अंगारा लावला असेल, तर तिच्याशी भांडत बसू नका. गोळी चुकू देऊ नका, एवढंच बघा.

एक प्रश्न जिभेवर येत नाही, पण विचारावाच लागतो: 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, कुणाला सांगणार नाही असा शब्द देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं घरातून, शेतातल्या आखाड्यावरून हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. पोलिसांच्या भीतीनं गप्प राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. या दिवसांत 'काहीच फरक नाही' म्हणून बरेच जण औषध सोडतात. माझा मित्रही सोडत होता. तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको फोनवर म्हणाली, 'भावजी, यांनी आज भाकरी मागून घेतली.' सहाव्या आठवड्यात तो स्वतःच म्हणाला, 'चल, मोंढ्यात जाऊन येऊ.' बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं आणि बंद करायचं ते डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू. म्हणून मोंढ्यातून परत येताना आम्ही मेडिकलवर थांबलो आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या घेतल्या.