सांध्यात फट पडते: टेबलाची उंची चुकली की टेबलंच एका पातळीत नाहीत?

सागाच्या दोन फळ्या जॉइंटरवरून, म्हणजे फळीची धार सरळ करणाऱ्या मशीनवरून, काढल्या, धारेला धार लावून खिडकीकडे धरल्या आणि मधून उजेडाची रेघ दिसली, की बहुतेकांचा हात आउटफीड टेबल वर-खाली करायच्या स्क्रूवर जातो. माझाही जायचा. फट दिसली म्हणजे टेबलाची उंची चुकली, असं आपण धरून चालतो. पण तक्रार तीच असली तरी दुखणी दोन आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की मशीन आणखी बिघडतं.

जॉइंटरला कुणी सरफेस प्लेनर म्हणतं, कुणी नुसतं रंधा मशीन. फळी जिथून ढकलतो ते इनफीड टेबल, कापली गेल्यावर ज्यावर टेकते ते आउटफीड, आणि दोघांच्या मध्ये फिरणारा कटर ब्लॉक.

आधी उंची. पातं फिरताना ज्या वर्तुळात फिरतं, त्याच्या माथ्याशी आउटफीड टेबल बरोबरीत हवं. इनफीड त्याहून खाली, जेवढं लाकूड काढायचं तेवढं. आउटफीड खाली राहिलं तर फळी बराच वेळ गुण्यागोविंदाने सरकते. मात्र तिचं शेपूट इनफीडच्या कडेवरून सुटलं की खालचा आधार जातो आणि शेवटचे दोन-तीन इंच पात्यावर पडतात. तिथे खड्डा होतो. आउटफीड वर राहिलं तर फळीचं तोंड टेबलाच्या कडेला अडतं, किंवा थोडाच फरक असेल तर वर चढतं. मग सुरुवातीला जास्त लाकूड निघतं, पुढे कमी कमी, आणि फळी पाचरीसारखी उतरती होते.

आता पातळी. इनफीड वर आणून आउटफीडला भिडवलं, तर दोन्ही मिळून एकच सपाट पाट व्हायला हवा. ही ओतीव लोखंडाची जड टेबलं बहुतेक जुन्या मशीनवर तिरक्या डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या आकाराच्या) खाचांवर बसवलेली असतात आणि त्यांची बाहेरची टोकं अधांतरी असतात. वर्षानुवर्षांच्या वापराने खाचा झिजतात, गिब (खाचेतला सैलपणा काढणारी पट्टी) सैल पडते आणि टोकं झुकतात. मशीन घराच्या कौलासारखं होतं, मधे उंच आणि दोन्हीकडे उतार. अशा मशीनवर फळीची धार पूर्ण लांबीत पोकळ होते: टोकं भिडतात, मध्ये उजेड. उलट टोकं वर असतील, तर धार फुगीर येते. मग सांधा मध्ये भिडतो, टोकांना उघडा राहतो आणि फळ्या एकमेकींवर डुलतात.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी फट नेमकी कुठे आहे, ते बघायचं. उंचीच्या चुकीमुळे पडलेला खड्डा शेपटाला असतो आणि त्याची लांबी ठरलेली असते: इनफीडच्या कडेपासून पात्यापर्यंतचं अंतर, तेवढीच. फळी 2 फुटी असो की 8 फुटी, खड्डा तेवढाच. पातळीच्या चुकीचा बाक मात्र पूर्ण धारेत पसरतो आणि फळीच्या लांबीबरोबर झपाट्याने वाढतो. लांबी दुप्पट झाली की पोकळी जवळपास चौपट. 2 फुटी फळीत 0.05 मिलिमीटर असलेली पोकळी 4 फुटात 0.2 होते आणि 8 फुटात 0.8. पहिली डोळ्याला दिसतही नाही, शेवटच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड जातं.

यातच मी फसलो होतो. ड्रॉवरच्या दर्शनी पट्ट्या काढताना फट दिसली म्हणून आउटफीड कणभर वर केलं. सांधे बसले, मी खूश. पुढच्याच आठवड्यात त्याच मशीनवर दाराच्या फळ्या काढल्या, प्रत्येकी 7 फूट, आणि मधोमध कागद आरपार सरकत होता. वर केलेल्या टेबलाने झुकलेल्या टोकांचा दोष फक्त एका मापाच्या फळीपुरता झाकला होता. शिकंजे आवळून फट बंद करता येते, हे खरं, पण मग जन्मभर ती ओढ सरसाला सोसावी लागते. काही जाणकार सुतार सांध्याच्या मध्यावर हाताच्या रंध्याने एखादा पापुद्रा जास्त काढतात, कारण फळीची टोकं आधी सुकतात आणि आक्रसतात, आणि अशा सांध्यात ती घट्ट राहतात. ती पोकळी ठरवून, मोजून ठेवलेली असते. मशीनने परस्पर दिलेली पोकळी तशी नव्हे.

तपासणीला आधी मशीनचा प्लग काढा. गिब आणि लॉक आवळा, कारण सैल टेबल मोजलं तर ते मोजमाप खोटं. कटर ब्लॉक असा फिरवा की पाती पट्टीखाली येणार नाहीत. मग लांब सरळ पट्टी आउटफीडवर पूर्ण टेकवून इनफीडवर जाऊ द्या, इनफीड ब्लॉकजवळ पट्टीला भिडेल इतकं वर आणा आणि दूरच्या टोकाला फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पानांचं माप) घालून बघा. हे पुढच्या कडेला, मागच्या कडेला आणि तिरकं, दोन्ही कर्णांवर करायचं. टेबलात पीळ असेल तर तो तिरक्यातच सापडतो. माझ्याकडे 0.1 मिलिमीटरचं पान कुठेही शिरलं नाही तर मी पुढे जातो.

पट्टीवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. प्लायवर तिच्या कडेने बारीक रेघ मारा, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांना लावा आणि पुन्हा मारा. रेघा एकावर एक आल्या तर पट्टी सरळ. मध्ये फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मा बाक पट्टीचाच. खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे एकदा जरूर करून बघावं.

टोक झुकलं असेल, तर डव्हटेल मशीनवर टेबल आणि खाच यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला, पातळ शिम, म्हणजे पत्र्याचा तुकडा, घालतात. पितळी पत्री उत्तम, नाहीतर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा, तो साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. शिम कमी जाडीपासून सुरू करा, कारण खाचेत घातलेली 0.1 ची शिम टेबलाच्या दूरच्या टोकाला त्याहून बरीच जास्त उचलते. नव्या पॅरललोग्राम मशीनवर शिम लागत नाही. तिथे टेबल चार कोपऱ्यांवरच्या एक्सेंट्रिकवर (मध्य बाजूला सरकलेल्या, फिरवला की टेबल वर-खाली करणाऱ्या खुंट्यांवर) पेललेलं असतं, त्यांचे लॉक ढिले करून कोपरा न् कोपरा फिरवायचा.

हे झाल्यावरच उंची, आधी नाही. आउटफीडला शिम घातली की त्याची उंची बदलतेच, म्हणजे आधी केलेलं सगळं वाया. उंचीसाठी सरळ लाकडी पट्टी आउटफीडवर अशी ठेवा की तिचं टोक ब्लॉकच्या वर येईल. टेबलाच्या कडेपाशी पट्टीवर पेन्सिलची खूण करा आणि ब्लॉक हाताने सावकाश उलटा फिरवा. पातं पट्टीला अलगद उचलून ओढतं. ती एक सूत (इंचाचा आठवा भाग) सरकली तर ठीक. हललीच नाही तर टेबल वर आहे, इंचभर गेली तर खाली आहे. प्रत्येक पातं, त्याच्या दोन्ही टोकांना, तेवढंच ओढायला हवं. आउटफीड स्थिर असलेल्या मशीनवर टेबलाऐवजी पाती वर-खाली करून हेच साधायचं.

लॉक आवळताना टेबल किंचित हलतं, म्हणून आवळल्यावर लाकडी पट्टी पुन्हा लावा. मग चाचणीला दोन फळ्या काढा, निदान दोन्ही टेबलांच्या एकूण लांबीएवढ्या. माझ्या दाराच्या 7 फुटी फळ्या शिम घातल्यावर पुन्हा काढल्या आणि खिडकीकडे धरल्या, तेव्हा उजेडाची रेघ गेली होती.