हे गाणं नक्की कुणाचं? गप्पांमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जुन्या गाण्यांच्या गप्पा रंगल्या की थोड्याच वेळात हा प्रश्न येतोच, "हे गाणं कुणाचं रे?" आणि मग चार जण चार उत्तरं देतात. एकजण पडद्यावरच्या हिरोचं नाव घेतो, दुसरी गायिकेचं, तिसरा ठामपणे संगीतकाराचं आणि कोपऱ्यात बसलेला एखादाच गीतकाराचं, आणि गंमत म्हणजे चौघंही बरोबर असतात. "कुणाचं" या शब्दात म्हटलेलं, रचलेलं, लिहिलेलं, पडद्यावर दिसलेलं आणि ज्याच्या मालकीचं आहे ते, असं सगळंच बसतं. मला वाटतं हा घोळ भाषेचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे, कारण या प्रश्नाचं अधिकृत उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत आलंय.

सुरुवातीचा भाग पटकन सांगून टाकतो. १९०२ मध्ये आपल्याकडे पहिली व्यावसायिक रेकॉर्डिंग्ज झाली तेव्हा कोलकात्याची प्रसिद्ध गायिका गौहर जान गाणं संपता संपता स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि लेबलवर काय लिहायचं ते तिथल्या माणसांना कळायला हवं. म्हणजे तेव्हा गाणं सरळसरळ गाणाऱ्याचं. संगीत नाटकातही तेच, पद ज्या नटाने रंगवलं त्याचं, वन्समोअर त्याला. १४ मार्च १९३१ ला मुंबईत पहिला हिंदी बोलपट लागला, त्यात सात गाणी होती, आणि पुढची काही वर्षं नटच कॅमेऱ्यासमोर गायचे, वादक झाडाझुडपांमागे किंवा फ्रेमच्या बाहेर लपून वाजवायचे. तोवर भांडणाला जागाच नव्हती. जो दिसतो तोच गातो.

१९३५ ला कोलकात्याच्या एका स्टुडिओत गाणं आधी रेकॉर्ड करून शूटिंगच्या वेळी वाजवायचं आणि नटाने ओठ हलवायचे ही पद्धत आली आणि खरा गुंता तिथून सुरू झाला. इंग्रजी 'प्लेबॅक' हा शब्द त्या यंत्राबद्दल आहे, आधी ध्वनिमुद्रित केलेलं परत वाजवणं, बस. आपण त्याचं केलं पार्श्वगायन, आणि पार्श्व म्हणजे बाजू, तर आपल्या शब्दाने यंत्र सोडलं आणि माणसालाच बाजूला उभं केलं. पुढची चौदा-पंधरा वर्षं पार्श्वगायक खरोखरच बाजूला उभे होते. रेकॉर्डच्या लेबलवर जागा ती केवढी, त्यात वर सिनेमाचं नाव, आणि गायकाच्या जागी पुष्कळदा पात्राचं नाव छापून मोकळे व्हायचे.

१९४९ चा 'महल' इथे महत्त्वाचा. 'आएगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या नायिकेच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर वाजलं आणि लोक वेडे झाले, ही कामिनी कोण म्हणून रेडिओ स्टेशनकडे पत्रांचा ढीग लागला, मग स्टेशनने रेकॉर्ड कंपनीला विचारलं आणि खरं नाव रेडिओवरून जाहीर झालं. ते नाव होतं लता मंगेशकर. पण हे नाव बाहेर काढलं ते ऐकणाऱ्यांनी, निर्मात्यांनी किंवा कंपनीने आपणहून नाही, हे लक्षात ठेवायला हवं असं मला फार वाटतं. अनोळखी गावातल्या माणसांनी पोस्टकार्डं खर्च करून "गातंय कोण ते सांगा" एवढंच मागितलं होतं.

आता १९५२, ज्याबद्दल गप्पांमध्ये सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. सगळे म्हणतात सरकारी रेडिओने सिनेमाच्या गाण्यांवर बंदी घातली. पण "आजपासून सिनेमाची गाणी बंद" असा सरळ हुकूम नव्हता. झालं असं की त्या वर्षी माहिती आणि नभोवाणी खात्याला नवे मंत्री आले, आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे गाढे भक्त, आणि त्यांचं मत पक्कं होतं की सिनेमाची गाणी पाश्चात्त्य चालींच्या नकला करून लोकांची अभिरुची बिघडवतायत. त्यांनी गाण्यांसाठी तीन अटी आणल्या. गाणी आधी तपासून घ्यायची. एकूण कार्यक्रमाच्या वेळात सिनेमाच्या गाण्यांना फार तर दहा टक्के. आणि तिसरी अट म्हणजे गाणं लावताना सिनेमाचं नाव घ्यायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात झाली, फक्त गाणाऱ्याचं नाव सांगायचं.

पहिल्या दोन अटींवर खूप लिहिलं गेलंय, पण माझ्या मते खरी ठिणगी तिसऱ्या अटीची. निर्मात्यांच्या संघटनेचं म्हणणं, गाणं सिनेमाचं आहे, पैसा आमचा, सिनेमाचं नाव गाळता म्हणजे आमचा मालच आमच्या नावाशिवाय दाखवता. रेडिओचं म्हणणं, गाणं गाणाऱ्याचं. म्हणजे आपण चहा पिताना जो वाद घालतो तोच वाद सरकार आणि धंदा यांच्यात झाला. फरक एवढाच की निर्मात्यांच्या हातात गाणी वाजवू देण्याचे परवाने होते, आणि त्यांनी ते काढून घेतले. तीनेक महिन्यांत सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब. त्यामुळे 'बंदी' म्हणायची तर अर्धी सरकारने घातली आणि अर्धी निर्मात्यांनी.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत, पण मंत्र्यांची जास्त पटत नाही. दहा टक्के हा आकडा लोकांना न विचारता ठरवला गेला. लोकांना शास्त्रीय संगीत ऐकवायचंय तर जरूर ऐकवा, आणि ते त्यांनी केलंही, १९५४ पासूनची रेडिओ संगीत संमेलनं हे मोठंच काम होतं, पण दुसऱ्याच्या आवडीचं दार बंद करून स्वतःच्या आवडीचं उघडायचं ही रीत मला कधीच पटलेली नाही. तरी तिसऱ्या अटीत एक खरी गोष्ट दडलेली होती. तीन वर्षांपूर्वी ज्या गायिकेला कामिनी म्हणून छापलं होतं, आता सरकार म्हणत होतं की फक्त गाणाऱ्याचंच नाव सांगा. हेतू वेगळा होता हे मान्य, त्यात गायकांबद्दलच्या प्रेमापेक्षा सिनेमाबद्दलचा रागच जास्त होता, पण सरकारी पातळीवर गाणं गाणाऱ्याचं हे लेखी आलं ते तेव्हा. आणि या सगळ्या भांडणात चाल लावणारा आणि शब्द लिहिणारा कुणालाच आठवला नाही.

या काळाबद्दल बोलताना मराठी माणसाने एक गोष्ट सोडू नये. सिनेमाची गाणी गेली तर हलकंफुलकं, गोड, पण स्वतःचं असं काही हवं म्हणून रेडिओ केंद्रांवर सुगम संगीताला जोर आला. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीत रामायण' सुरू झालं, वर्षभर, ५६ गाणी. तिथे कवी कोण आणि चाल कुणाची हे घराघरात माहीत होतं, कारण मध्ये पडदा नव्हता, हिरो-हिरॉईन नव्हते. आपल्याकडे भावगीतांच्या गप्पांत "शब्द कुणाचे" हा प्रश्न आजही आधी येतो आणि हिंदी गाण्यांच्या गप्पांत शेवटी, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

बाकी हिंदीच्या श्रोत्यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर नेली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला जोरदार शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर तिथे होताच, तो इथे खेडोपाडी ऐकू यायचा. डिसेंबर १९५२ मध्ये टूथपेस्टच्या जाहिरातीवर चालणारा 'बिनाका गीतमाला' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि बुधवारची संध्याकाळ ठरून गेली. सुरुवातीला त्यात गाण्यांना नंबर नव्हते, सात गाणी लावायची आणि ती कुठल्या क्रमाने प्रदर्शित झाली ते श्रोत्यांनी ओळखून कळवायचं, लोकप्रियतेची शिडी नंतर आली. म्हणजे सिनेमा कुठला, साल कुठलं, हे पाठ असायची जी खोड आपल्या आधीच्या पिढीला आहे ना, ती या कोड्यांनी लावली.

३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारी रेडिओने विविध भारती सुरू केली, सिनेमाची गाणी परत घरी आली, आणि मंत्री तेच होते. हळूहळू निवेदनाची एक घडी बसली, फर्माईश करणाऱ्यांची नावं, सतत फर्माईशी पाठवणारं झुमरीतिलैया तर घरातलंच गाव वाटायला लागलं, मग सिनेमा, मग गायक, गीतकार, संगीतकार. गीतकाराचं नावही घ्या हा आग्रह त्याच सुमाराला एका मोठ्या शायराने धरला होता असं जुने लोक सांगतात. चौघांची नावं एका श्वासात घेणारी ती वाक्यं लाखो लोकांच्या कानात बसली आणि मला विचाराल तर "गाणं कुणाचं" याचं सर्वात न्याय्य उत्तर तेच होतं.

पुरस्कारांना हे कळायला अजून वेळ लागला. सिनेमाच्या एका मासिकाचे पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले, संगीतकाराला बक्षीस, गायकाला काहीच नाही. १९५७ च्या सोहळ्यात बक्षीस मिळालेलं गाणं गायला लताने नकार दिला, बक्षीस चालीला आहे ना, मग ती शब्द-आवाजाशिवाय वाजवा असा तिचा मुद्दा, आणि १९५९ पासून गायनाचा पुरस्कार आला. तोही १९६७ पर्यंत बायका-पुरुष मिळून एकच.

नावाचं झालं, पण पैशाचं राहिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच गायिकेने रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा मागितला आणि तेव्हाच्या सर्वात मोठ्या गायकाने, मोहम्मद रफीने, म्हटलं की एकदा मानधन घेतलं की आपला संबंध संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. त्याच्या बोलण्यात साधेपणा होता, लोभ नव्हता, हे सगळे मानतात, पण गाणं साठ वर्षं विकलं जातंय हे बघता मी तिच्या बाजूचा. १९७७ ला सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की पैसे देऊन निर्मात्याने करून घेतलेलं गाणं निर्मात्याचं, वेगळा करार नसेल तर संगीतकार-गीतकाराला पुढे हक्क नाही. म्हणजे १९५२ ला निर्माते जे म्हणत होते ते जवळपास कायद्याने मान्य झालं.

मग कॅसेटी आल्या, ऐंशीचं दशक, आणि जुनीच गाणी नव्या आवाजात स्वस्तात मिळायला लागली. कव्हरवर मूळ सिनेमाचं नाव ठळक आणि गाणारा कोण ते बारीक अक्षरात, त्यामुळे एका अख्ख्या पिढीने काही गाणी मूळ आवाजात ऐकलीच नाहीत आणि गप्पांत "अरे हे तर तिचं नाहीच" म्हणून वाद व्हायला लागले. नंतर रिमिक्सवाल्यांनी तर मूळ संगीतकाराचं नावच गाळलं. २०१२ च्या कॉपीराईट दुरुस्तीने बरंच सावरलं, गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क आता सहीने सोडून देता येत नाही, गायकांनाही वाटा आहे. तरी व्हिडिओच्या शीर्षकात आज हिरो-हिरॉईनची नावं आधी येतात, सर्चमध्ये तीच चालतात म्हणून. आणि फोनवर गाणं लावलं की गायकाचं नाव समोर दिसतं, संगीतकाराचं बहुतेक वेळा दिसतं, आणि शब्द कुणाचे हे बघायचं असेल तर अजून दोन ठिकाणी दाबत जावं लागतं.