फरशीवर ठेवली म्हणून बॅटरी उतरत नाही

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर येतात, बॅटऱ्या घरी. मग कोणीतरी हमखास सांगतं, 'सिमेंटवर ठेवू नका, करंट जमिनीत जातो, खाली फळी घाला.' पूर्वी बॅटरीचं खोकं लाकडाचं असे, ओल धरे. तेव्हा यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून वीज जमिनीत जात नाही. बॅटरी आतल्या आत आपोआप उतरते, उकाड्यात जास्तच. झाकणावरची खारट ओलही थोडी वीज खाते, ती पुसा. फळीच्या भरवशावर राहिल्याने चांगली बॅटरी नारळी पौर्णिमेला मेलेली सापडते, याचं फार वाईट वाटतं. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून, वायरी काढून ठेवा. महिन्याने मीटर लावा, १२.४ च्या खाली दिसली तर लगेच चार्ज करा. उतरलेली तशीच राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, मग सुटत नाही.