पहिल्या भेटीआधी एवढं वाचून या

आमच्याकडची आहारसल्ल्याची पहिली भेट साधारण तासभर चालते आणि त्यातला बराचसा वेळ आमच्या प्रश्नांत जातो. काय खाता हे तर विचारतोच, पण झोप किती वाजता लागते, मधे जाग येते का, पोट रोज साफ होतं का, जेवताना बसता की काम चालूच असतं, हेही विचारतो. होलिस्टिक पद्धतीत ताट एकटं बघत नाहीत. रात्री जेमतेम पाच तास झोपणाऱ्याची दुपारची गोडाची तलफ नुसती साखर बंद करून जात नाही. आणि संध्याकाळी 6 वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री 11 च्या सुमारासही अंगात असतं.

छापील डाएट चार्ट पहिल्या दिवशी मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

येताना काय आणाल

तीन दिवसांच्या खाण्याची नोंद आणा, दोन दिवस कामाचे आणि एक सुट्टीचा. खाल्लं की लगेच लिहा. रात्री आठवून लिहिलं की चहाबरोबरची बिस्किटं, मुलांच्या ताटात उरलेलं आणि वरून घातलेलं तेल हमखास सुटतं. ग्रॅम मोजायची गरज नाही, वाटी-चमचा चालेल. फक्त वाटी दर वेळी तीच घ्या. नोंद करायची म्हणून नीटनेटकं खाऊ नका, नाहीतर ते तीन दिवस आमच्या काही उपयोगाचे नाहीत.

अलीकडचे रिपोर्ट आणा. चालू असलेली औषधं आणि सप्लिमेंट यांच्या पट्ट्या-बाटल्याच घेऊन या, कारण घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सहसा नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी रिकाम्या पोटी घेतात. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून 4 तास लांब हवी. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्याने पालेभाज्या एकदम वाढवल्या किंवा सोडल्या, तर त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा बसलेला डोस बिघडतो. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकवू शकतं. इन्सुलिन चालू असेल, तर कर्बोदकं कमी करण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलावंच लागतं, नाहीतर रक्तातली साखर 70 च्या खाली जायची भीती असते.

गहू सोसत नाही अशी शंका असेल, तर तो आपल्या मनाने बंद करून येऊ नका. सीलिॲक आजाराची (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्तचाचणी गहू खाण्यात असतानाच खरं सांगते. बंद केल्यावर ती खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

पुढचे काही आठवडे

एका वेळी एक किंवा दोनच बदल देतो. पाच बदल एकदम केले, तर कशाने बरं वाटलं ते कुणालाच सांगता येत नाही. तंतुमय पदार्थांचंच बघा. रोजचे 15 ग्रॅम एकदम 30 वर नेले की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस आठवड्यात कंटाळून सोडून देतो. दर आठवड्याला 5 ग्रॅमने वाढवत नेले आणि पाणीही वाढवलं, तर सहसा निभतं. लोह कमी असेल तर, चहा ते नीट शोषू देत नाही म्हणून, आधी जेवणाला लागून होणारा चहा तासभर पुढे ढकलायला सांगतो, मग ताटाकडे वळतो.

एखादा पदार्थ बाधतोय का हे बघायला तो 2 ते 4 आठवडे पूर्ण बंद ठेवतो आणि नंतर परत सुरू करून 3 दिवस लक्ष ठेवतो. हा दुसरा टप्पाच लोक टाळतात. बरं वाटत असतं, कशाला उगाच! पण मग बंद पदार्थांची यादी विनाकारण वाढत जाते. शेकडो पदार्थांविरुद्धची ‘आयजीजी’ प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मोजणारी रक्तचाचणी आम्ही सुचवत नाही. तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढंच ती बहुधा दाखवते.

वजन रोज किलो-दीड किलो वरखाली होतं, ते मुख्यतः पाणी असतं; आठवड्याची सरासरी धरा. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवते, त्यामुळे महिन्याभरात परत तपासून बदलाचा पुरता अंदाज येत नाही.

जे आमच्या हातात नाही

निदान करणं आणि औषध बंद करणं किंवा बदलणं डॉक्टरांचं काम आहे. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा गिळताना अडकत असेल, तर आमची भेट पुढे ढकला आणि आधी त्यांना दाखवून या.