चार जीबीचं कार्ड दोन जीबीवाल्याला भारी? नाही!

सिडकोतला भाचा जुन्या डेस्कटॉपसाठी एमजी रोडवरून ‘जीटी ७३०, ४ जीबी’ ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची, विशेषतः गेमची चित्रं तयार करणारा भाग) घेऊन आला. "मामा, तेवढ्याच पैशात जुनं दोन जीबीवालं गळ्यात मारत होते, मी कसला फसतोय!" फसला होता बिचारा. जीबी जास्त तितकं कार्ड फास्ट, हा समज काउंटरवर वर्षानुवर्षं खपतोय.

जीबी म्हणजे नुसती साठवणीची जागा. पिंपळगावचं द्राक्षांचं शीतगृह कितीही मोठं असो, फाटकातून एकच छोटा हत्ती निघत असेल तर माल बाहेर येणार कसा? भाच्याच्या खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: डीडीआर३ (मेमरीचा संथ प्रकार), ६४ बिट (मेमरीच्या फाटकाची रुंदी). म्हणजे सेकंदाला जेमतेम १४ जीबीची ये-जा. त्याने नाकारलेलं जीटीएक्स ७५० टीआय दोनच जीबीचं, पण मेमरी वेगवान जीडीडीआर५ आणि फाटक १२८ बिट, म्हणून सेकंदाला ८६ जीबी. चिपमधले आकडेमोड करणारे कोअरही ३८४ऐवजी ६४०. दोन्ही कार्डं २०१४ चीच!

मेमरी कमी पडली की गेम अडखळतो, हे खरं. पण तेवढी मेमरी लागणारी सेटिंग्ज ७३० च्या चिपला मुळातच झेपत नाहीत.

राहिला प्रश्न जुन्या डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायला हे झेपेल का याचा. ७५० टीआय साधारण ६० वॉट खातं आणि मदरबोर्डचा स्लॉटच ७५ वॉटपर्यंत देतो. काही मॉडेलना मात्र सहा पिनांची वेगळी वायर लागते, तेवढं कार्ड उलटंपालटं करून बघा.

खोकं फोडलेलं नव्हतं. भाचा संध्याकाळीच बदलायला गेला.