होजाचे दोन काडीमोड: १९६१ आणि १९७८

अल्बानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजा हट्टी माणूस, आधी रशियाशी भांडला मग चीनशी, असं एका दमात सांगून लोक मोकळे होतात. पण अल्बानियाचे हे दोन काडीमोड सारखे नाहीत, कारण पहिल्यात खुर्ची हलत होती अल्बानियाच्या राजधानीत, तिरानामध्ये, आणि दुसऱ्यात बीजिंगमध्ये.

फेब्रुवारी १९५६ मध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टालिनची अब्रू काढली, आणि दोनच महिन्यांत तिरानातल्या पार्टी कॉन्फरन्समध्ये लोक उठून थेट होजाच्या कारभारावर बोलायला लागले. आता हा माणूस स्टालिनच्याच पद्धतीने वर आलेला, पक्षातला प्रतिस्पर्धी कोची जोजे याला, स्टालिनशी फाटलेल्या युगोस्लाव्ह नेत्याचा, टिटोचा हस्तक ठरवून १९४९ ला संपवलेला, आणि इकडे मॉस्को त्याच टिटोशी गळाभेट घेतंय! म्हणजे स्टालिन चूक, टिटो बरोबर, तर मग होजा कोण? त्याने टीका करणाऱ्यांना चिरडलं, १९६० मध्ये लिरी बेलिशोवासारखे मॉस्कोकडे झुकलेले पक्षातले बडे लोक बाहेर काढले, आणि मॉस्कोत जमलेल्या जगभरच्या ८१ कम्युनिस्ट पक्षांसमोर ख्रुश्चेव्हलाच सुनावलं. पुढच्या वर्षी अल्बानियातल्या व्लोराजवळच्या नाविक तळावरून रशियन लोक ८ पाणबुड्या घेऊन निघून गेले, ४ अल्बानियाने ठेवून घेतल्या (घटस्फोटात भांडीकुंडी वाटून घेतात ना, तसं), आणि डिसेंबरमध्ये संबंधच तुटले.

चीनचं प्रकरण उलटं. रशिया सुटल्यावर अल्बानिया चीनच्या मदतीवर चालत होता. १९७२ ची निक्सनची बीजिंगवारी होजाला अजिबात रुचली नव्हती, तरी मदत चालूच राहिली, कारण तोवर माओ होता. सप्टेंबर १९७६ ला माओ गेला, महिन्याभरात त्याच्या बायकोसकट कट्टर नेत्यांची चौकडी तुरुंगात, १९७७ ला बाजूला सारलेला डेंग शियाओपिंग सत्तेत परत, आणि ऑगस्टमध्ये बीजिंगमध्ये पाहुणा कोण तर पुन्हा टिटो! त्याआधीच, ७ जुलै १९७७ ला, तिरानाच्या पक्षाच्या पेपरने चीनच्या 'तीन जगां'च्या सिद्धांताची (महासत्ता, बाकीचे विकसित देश आणि गरीब देश अशी जगाची वाटणी) चिरफाड केली होती. बरोबर वर्षाने, ७ जुलै १९७८ ला, चीनने मदत बंद करून आपले तज्ज्ञ परत बोलावले. वकिलाती मात्र चालू राहिल्या, म्हणजे हा काडीमोड अर्धाच, पैसे बंद पण दार उघडं.

होजा इथे अगदीच निष्पाप होता असंही नाही, १९७५ मध्ये त्याने स्वतःचा संरक्षणमंत्री बेकिर बालुकू कटाच्या आरोपावरून संपवला होता. पण नवा मित्र शोधायची वाट तर त्याने १९७६ च्या राज्यघटनेतच बुजवून ठेवली होती, परदेशी कर्ज घ्यायलाच बंदी.